साचलेल्या इंधनाचा धडा

एके काळी महाराष्ट्रातील कितीतरी घरांत सकाळ उजाडे ती पंपाच्या स्टोव्हच्या घरघरीने. तो स्टोव्ह पेटविणे ही एक लहानशी विद्याच होती. स्पिरिटमध्ये भिजविलेला काकडा बर्नरला लावून पेटवायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मगच पंप मारायचा. हा क्रम कोणी घाईने मोडला, तर थंड बर्नरमधून वाफेऐवजी रॉकेलच बाहेर येई, खालच्या वाटीत साचे, आणि मग जो भडका उडे तो पाहून पेटविणारा दोन पावले मागे सरे. घरातील वडीलधारी माणसे या क्रमाचे शास्त्र सांगत बसत नसत. ‘आधी तापू दे, मग पंप मार,’ एवढेच त्यांचे सांगणे असे. पण त्या मोजक्या शब्दांमागे बहुधा कोणाचा तरी भाजलेला हात असे.

नियमांचे हे असेच असते. नियम तेवढा मागे उरतो. तो ज्या प्रसंगातून जन्मला, तो प्रसंग विस्मृतीत जातो. मग नियम क्षुल्लक वाटू लागतो, आणि क्षुल्लक वाटणारा नियम मोडायला फारसा वेळ लागत नाही.

आज जगभरचे हौशी लोक आपल्या लहान विमानांतून खरेखुरे जेट इंजिन बसवितात. पाण्याच्या मोठ्या तांब्याएवढे हे यंत्र वजनाने एक-दोन किलोग्रॅम भरते, रॉकेलवर चालते आणि मोठ्या जेट विमानासारखाच आवाज करीत विमानाला आकाशात नेते. त्याच्यासोबत नियमांची एक लांबलचक यादीही येते: इंधन साचू देऊ नका, तोंडाजवळ सैल वस्तू ठेवू नका, बाजूला उभे राहू नका. खेळण्यासाठी एवढे अवडंबर कशाला, असे एखाद्याला वाटेल. परंतु या यादीतील तीन मुख्य कलमांचा इतिहास शोधू गेले, तर तो इंग्लंडमधील एका कारखान्यात आणि एका जुन्या ओतशाळेत, १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सापडतो.

फ्रँक व्हिटल हा ब्रिटिश हवाई दलातील तरुण अधिकारी होता. पंख्याऐवजी तप्त वायूच्या झोताने विमान चालविण्याच्या आपल्या कल्पनेचे पेटंट त्याने जानेवारी १९३० मध्ये मागितले. सरकारी तज्ज्ञांना ती कल्पना व्यवहार्य वाटली नाही. १९३५ मध्ये पेटंटच्या नूतनीकरणाचे ५ पौंड भरण्याची वेळ आली, तेव्हा ते भरण्यास खात्याने नकार दिला आणि व्हिटलच्याही खिशात तेवढे पैसे मोकळे नव्हते. पेटंट रद्द झाले. तरीही १९३६ मध्ये काही मित्रांच्या साहाय्याने ‘पॉवर जेट्स’ ही छोटी कंपनी निघाली आणि रग्बी येथील ब्रिटिश टॉमसन-ह्यूस्टन या कंपनीच्या कारखान्यात पहिले इंजिन आकारास येऊ लागले.

या इंजिनाची रचना सांगायला सोपी आहे. पुढचे चाक हवा आत ओढून दाबते. मधल्या कक्षात त्या हवेत इंधन जळते. तापून फुगलेला वायू मागच्या टरबाइनच्या चाकाला फिरवीत नळकांड्यातून जोराने बाहेर पडतो. मागचे चाक आणि पुढचे चाक एकाच आसावर असल्यामुळे मागचे फिरले की पुढचेही फिरते आणि यंत्र स्वतःच्या बळावर चालू राहते. जो वायू मागे जातो, त्याचीच प्रतिक्रिया विमानाला पुढे ढकलते. सांगणे सोपे, करणे मात्र अवघड. कारण एका लहानशा कक्षात तोपर्यंत कोणी जाळले नव्हते इतके इंधन, वाऱ्याच्या प्रचंड झोतात, ज्योत विझू न देता जाळायचे होते.

१२ एप्रिल १९३७ रोजी व्हिटलने ते इंजिन प्रथम चालविले. विजेच्या मोटरने चाके फिरू लागली, ठिणगी पडली, ज्योत धरली. व्हिटलने मुख्य इंधनाची झडप उघडली. काही क्षणांतच भोंग्यासारखा चढत जाणारा एक कर्कश आवाज उठला आणि इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागला. व्हिटलने झडप तत्काळ बंद केली. इंधन तोडले, तरी वेग वाढतच होता! कक्षाचे पत्रे लालबुंद झाले. आसपासची माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. व्हिटल तेवढा जागेवर राहिला. आणि ते शौर्य नव्हते, भीतीने पाय खिळले होते, असे त्याने पुढे प्रांजळपणे सांगितले. काही वेळाने वेग आपोआप उतरला आणि यंत्र शांत झाले.

झडप बंद असताना इंजिन जळत होते तरी कशावर? शोध घेतल्यावर उत्तर मिळाले ते अगदी साधे होते. सुरुवातीच्या खटपटीत काही इंधन न जळताच ज्वलनकक्षात उतरले होते आणि तळाशी साचले होते. ज्योत लागताच ते तापले, त्याची वाफ झाली आणि त्या वाफेवर इंजिन बेफाम धावले. झडपेची सत्ता पंपातून येणाऱ्या इंधनावर चालते. आधीच साचून राहिलेल्या इंधनावर तिची सत्ता नसते. थंड बर्नरच्या वाटीत साचलेल्या रॉकेलचीच ही मोठी आवृत्ती होती. उपायही तितकाच साधा निघाला: कक्षाच्या तळाशी इंधन निचरून जाण्यासाठी एक वाट ठेवण्यात आली.

त्याच सुमारास जर्मनीत हान्स फॉन ओहाइन हा तरुण शास्त्रज्ञ हाइन्केलच्या कारखान्यात स्वतंत्रपणे याच प्रश्नाशी झगडत होता. त्याने १९३७ मधील आपल्या पहिल्या प्रायोगिक इंजिनात द्रव इंधन न वापरता हायड्रोजन वायू वापरला. वायू सहज पेटतो, हवेत चटकन मिसळतो आणि तळाशी साचत नाही. अशा रीतीने ज्वलनाचा अवघड प्रश्न त्याने पुढे ढकलला. पण विमानात हायड्रोजन भरून उडता येत नव्हते. शेवटी त्यालाही द्रव इंधनाकडे वळावे लागले. २७ ऑगस्ट १९३९ रोजी त्याच्या इंजिनावर हाइन्केल १७८ हे विमान उडाले. व्हिटलच्या इंजिनावरील ग्लॉस्टर विमान १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेल येथून आकाशात गेले.

व्हिटलच्या त्या प्रयोगांनी आणखी दोन धडे शिकविले. १९३८ मध्ये चाचण्या रग्बीहून लटरवर्थ गावातील एका जुन्या ओतशाळेत हलविण्यात आल्या. असले धोक्याचे यंत्र गजबजलेल्या कारखान्यात चालविणे कोणालाच नको होते. तेथे सुरुवातीच्याच एका चाचणीत जवळ राहिलेले पुसण्याचे फडके इंजिनाने आत ओढून घेतले आणि काम थांबले. पुढच्याच महिन्यात, इंजिन वेगात असताना टरबाइनची काही पाती तुटली आणि यंत्राची मोठी हानी झाली. साचलेले इंधन, राहिलेले फडके आणि तुटलेले पाते: जेट इंजिनाच्या बाल्यावस्थेतील ही तीन दुखणी.

पुढे मोठी इंजिने सुधारत गेली. पण याच तत्त्वावर तळहातात मावणारी चाके फिरविणे कित्येक वर्षे अशक्य मानले जात होते. इतक्या लहान आकारात चाकांची कार्यक्षमता फार घसरते. अखेर १९८३ मध्ये ब्रिटनच्या जेरी जॅकमनने टरबाइनवर चालणारे रेडिओ-नियंत्रित विमान उडविले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्याच्या इंजिनात प्रोपेन वायू जळत होता. ओहाइनने जी वाट धरली होती, तीच लहान इंजिनांच्या इतिहासातही प्रथम चोखाळली गेली. त्यानंतर जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने द्रव इंधनावर चालणारे घरगुती इंजिन सिद्ध केले. त्याचे हवा दाबणारे चाक चक्क लाकडी प्लायवुडचे होते, आणि त्यावर कार्बनच्या तंतूंची बांधणी होती. ज्योतीतच ठेवलेल्या बारीक नळ्यांतून इंधन नेऊन त्याची वाफ करावयाची, ही त्याची युक्ती होती. व्हिटलनेही आरंभी वाफ करणाऱ्या नळ्याच वापरल्या होत्या, आणि स्वयंपाकघरातला स्टोव्ह याहून वेगळे काही करीत नव्हता. श्रेकलिंगने आपली कृती १९९० नंतरच्या काळात पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुली केली. जर्मनीचा थॉमस काम्प्स आणि स्पेनचा हेसूस आर्तेस यांनी मोटारीच्या टर्बोचार्जरमधील चाके वापरून ती आणखी पुढे नेली.

आकार लहान झाला, म्हणून धोका लहान झाला असे मात्र नाही. व्हिटलच्या पहिल्या इंजिनातील हवा दाबणारे चाक १९ इंच व्यासाचे होते आणि ते मिनिटाला १७,७५० फेरे घेईल अशी योजना होती. ६६ मिलिमीटर व्यासाच्या लहान चाकाला तेवढेच काम करण्यासाठी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. १,१५,००० फेऱ्यांच्या वेगाला या चाकाची कड सेकंदाला जवळजवळ ४०० मीटर, म्हणजे ध्वनीहूनही अधिक वेगाने धावते. त्या कडेवरील एक ग्रॅम धातूला बाहेर खेचणारी ओढ सुमारे ४९० किलोग्रॅम वजनाइतकी असते. असे पाते निखळले, तर ते कोणत्या दिशेला जाईल हे भूमितीच सांगते: चाकाच्या पातळीत, म्हणजे यंत्राच्या बाजूला. म्हणूनच इंजिन चालू असताना कोणीही त्याच्या बाजूला, चाकांच्या रेषेत उभे राहू नये. समोर उभे राहू नये, कारण तेथे हवा आत ओढली जाते. मागे तर नाहीच, कारण तेथे ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाचा झोत असतो. चालविणाऱ्याने तिरकस, समोरच्या कोपऱ्यात उभे राहावे आणि प्रेक्षकांना पुरेसे दूर ठेवावे.

लटरवर्थच्या फडक्याचा नियम विमानात इंजिन बसवितानाच पाळावा लागतो. हवा आत घेणाऱ्या तोंडावर जाळी असावी. आसपास सुटी तार, सैल नळी, विसरलेला स्क्रू राहता कामा नये. बाहेर पडणाऱ्या वायूसाठी स्टेनलेस स्टीलची दोन पदरी नळी बसवितात. ती इंजिनाला चिकटवीत नाहीत. दोहोंमध्ये अंतर ठेवतात, म्हणजे त्या फटीतून थंड हवा ओढली जाऊन विमानाची काया तापत नाही. इंधनाच्या नळ्या तप्त भागापासून दूर न्याव्या लागतात. इंधन गाळून भरावे लागते आणि त्यात सुमारे ५ टक्के तेल मिसळावे लागते, कारण त्याच इंधनाचा एक बारीक ओघ बेअरिंगांना वंगण पुरवितो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर आकाशात ज्योत विझते. म्हणून मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये बुडबुडे अडविणारी एक लहान टाकी ठेवतात.

आणि सर्वांत पहिला नियम रग्बीच्या त्या दिवसाचा. विमानाचे तोंड वाऱ्याकडे करून इंजिन सुरू करावे. कर्ब-द्विप्राणिद वायूचे अग्निशामक हाताशी ठेवावे, आणि ते धरणारा दुसरा माणूस जवळ असावा. ज्योत धरली नाही, तर लगेच पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह आवरावा. कारण पहिल्या प्रयत्नातील न जळलेले इंधन आत साचलेले असते. विमान कलते करून ते पुरते निथळू द्यावे, चाके नुसत्या हवेवर फिरवून कक्ष कोरडा करावा आणि मगच पुन्हा सुरुवात करावी. काम संपल्यावरही घाई उपयोगाची नाही. ज्योत विझली, तरी टरबाइनच्या चाकातील उष्णता बेअरिंगांकडे सरकत राहते. म्हणून सुरू करणाऱ्या मोटरनेच चाके फिरवीत ठेवून इंजिन निववावे लागते.

आता यातील बरीचशी कामे एक लहानसे इलेक्ट्रॉनिक यंत्र करते. ते तापमान मोजते, फेरे मोजते, इंधन थेंबाथेंबाने वाढविते आणि काही बिघडले तर पंप बंद करते. व्हिटलजवळ असे काही नव्हते. त्याच्याजवळ होती ती झडपेवरची एक मूठ. परंतु या चतुर यंत्राची सत्तासुद्धा अखेर पंपापर्यंतच पोहोचते. जे इंधन आधीच साचले आहे ते त्याला परत घेता येत नाही, तोंडाशी राहिलेले फडके त्याला उचलता येत नाही आणि चाकाच्या रेषेत उभ्या असलेल्या मुलाला हात धरून बाजूला करता येत नाही. ती तीन कामे माणसाकडेच राहिली आहेत.

१९३७ च्या त्या दिवशी रग्बीत कोणी दगावले नाही. जेट युगाचा तो मोठा भाग्ययोग होता. इंजिनाचा स्फोट होऊन त्याचा कर्ता तेथेच संपला असता, तर इतिहासाला कदाचित निराळे वळण लागले असते. पण भाग्य हा नियम नव्हे. ज्यांना त्या दिवशी पळावे लागले, त्यांनी मागे एक शिकवण ठेवली. मैदानावर एखादा हौशी उड्डाणपटू न पेटलेले इंजिन पुन्हा न पेटविता शांतपणे विमान कलते करतो आणि शेवटचा थेंब निथळण्याची वाट पाहतो, तेव्हा त्या शिकवणीचाच तो मान राखीत असतो. भोवतीच्या मुलांना तो विलंब कंटाळवाणा वाटत असेल. ‘आधी तापू दे’ हे आजीचे शब्दही त्यांच्या वडिलांना लहानपणी असेच कंटाळवाणे वाटले असतील.