‘बंगला’ शब्दाचा काळ : विचुंबें येथील एका रुमालाच्या निमित्तानें

पनवेलनजीक विचुंबें गांवीं एका स्नेह्यांकडे नुकतेंच आमचें जाणें झालें. त्यांच्या संग्रहांतील मोडी कागद चाळीत असतां त्यांनीं एक निराळा रुमाल दाखविला. ज्या कागदांत ‘बंगला’ हा शब्द आला आहे ते सर्व त्यांनीं संशयित म्हणून त्यांत बांधून ठेविले आहेत. बंगला ही इंग्रजांची चीज, तेव्हां असा कागद 1818 पूर्वींचा असूं शकत नाहीं, हें त्यांचें अनुमान. हाच समज इतरही संग्राहकांत आम्हांस आढळला आहे. एका शब्दावरून अस्सल कागद बाद होऊं नयेत, एवढ्याचसाठीं हें टिपण.

बंगला म्हणजे वंगदेशचा. ‘वङ्ग’ हें नाम संस्कृतांत प्राचीन आहे, आणि ‘वङ्गाल’ हें रूपही अर्वाचीन समजण्याचें कारण नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील नेसरी येथें मिळालेल्या, राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाच्या इ. स. 805 च्या ताम्रपटांत पालवंशी धर्मपालास वंगालचा राजा म्हटलें आहे. ज्या देशनामापासून आमचा शब्द निघाला तें आमच्याच भूमींतील ताम्रपटांत बाराशें वर्षांपूर्वीं कोरलें गेलें.

वंगदेशांत पाऊस फार, दगड दुर्मिळ. म्हणून बांबूचा सांगाडा, त्यावर गवताचें छप्पर, आणि पाणी निथळून जावें म्हणून धनुष्याप्रमाणें वांकविलेली वळचण. हा आकार मोगलांस इतका आवडला कीं त्यांनीं तो संगमरवरांत उतरविला. लाहोरच्या किल्ल्यांतील 1633 चा नौलखा मंडप पाहावा, किंवा आग्र्याच्या किल्ल्यांत खासमहालाच्या दोहों अंगांस शाहजहाननें उभारलेले मंडप पाहावे. पुढें अयोध्येचा सुभेदार सादतखान यानें शरयूकांठीं गवती छपराचें निवासस्थान बांधलें. त्यावरून तेथील वस्तीसच लोक ‘बंगला’ म्हणूं लागले. तीच पुढें फैजाबाद झाली. सादतखान 1739 सालीं वारला. तेव्हां त्या काळच्या उत्तरेकडील पत्रांत ‘बंगला’ आढळल्यास तो घर, गांव कीं बंगाल प्रांत, हें वाचकानें आधीं ठरवावें. कागदाच्या खरेपणाचा वाद मागाहून.

इंग्रजांच्या दफ्तरांत हुगळी येथें 1676 सालीं हा शब्द येतो, पण तो कंपनीच्या गलबतांवरील माणसांकरितां उभारावयाच्या खोपटांस उद्देशून. आज ज्याच्या नांवानें शेजाऱ्यांस असूया वाटते तें मुळांत खोपट होतें, याची मौज वाटते. पुण्यांतही 1818 ची वाट पाहावी लागत नाहीं. 1786 पासून मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारीं रेसिडेंट होता, व इंग्रज वकिलातीचें ठाणें संगमावर होतें. 5 नोव्हेंबर 1817 रोजीं, खडकीच्या लढाईच्या दिवशीं, तें जळालें आणि एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह त्यांत गेला.

पनवेलकडे बंगला आला तो रस्त्यानें. मुंबईहून पडावानें पनवेल बंदरीं उतरावें आणि पुढें खोपोलीवरून घाट चढावा, ही पुण्याची जुनी वाट. 1830 सालीं बोरघाटांत गाडीरस्ता झाला आणि या वाटेवर मुसाफरबंगले उठले. याच वाटेवरील चौक गांवाहून 1850 सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढला व तेथें बंगल्यांची वसाहत सुरू झाली. (हा मॅलेट निराळा, नामसाम्यानें फसूं नये.)

परंतु लोकांनीं बंगला आपलासा केला तो साहेबाच्या अनुकरणानेंच, असें आम्हांस वाटत नाहीं. देशावरील वाडा आंत चौकाकडे पाहतो आणि रस्त्यास भिंत दाखवितो. कोंकणांतील घराची रीत उलट आहे : पुढें अंगण, मग ओटी, बाजूस पडवी, आंत माजघर, मागें परसू, आणि सर्वांवर उतरतें छप्पर. 1865 नंतर मंगळुरास निघालेलीं कौलें इकडे येऊं लागलीं, तेव्हां कोठें नळीचीं कौलें मागें पडलीं; घराचा घाट मात्र तोच राहिला. अशा घरांत वाढलेल्यास बंगल्याचा व्हरांडा परका कसा वाटावा? ‘व्हरांडा’ शब्दाबद्दल मात्र सावध असावें. संस्कृत कोशांत ‘वरण्ड’ आहे म्हणून आम्हींही एके काळीं विद्यार्थ्यांस तीच व्युत्पत्ति सांगत होतों. पण वास्को द गामाच्या 1498 च्या सफरीच्या पोर्तुगीज रोजनिशींत ‘वरांदा’ सहज येतो, आणि हिंदुस्थानांत नुकतेच उतरलेले ते लोक तो येथें शिकले असण्यापेक्षां बरोबर घेऊन आले असणेंच संभवनीय. जुनी व्युत्पत्ति आम्हीं सोडली आहे.

विचुंब्यास आज इमारतींचे मजले चढत आहेत, तरी ज्याला जमतें तो आधीं बंगलाच पाहतो. स्नेह्यांचें स्वतःचें घरही तसेंच : स्लॅबचें, पण पुढें ओटीसारखा व्हरांडा ठेवलेला. त्याच व्हरांड्यांत बसून ते बंगल्यास परका ठरवीत होते, हें आम्हीं त्यांच्या नजरेस आणलें. ते हंसले, आणि त्यांनीं रुमालाची गांठ सोडली. आतां त्यांतील प्रत्येक कागदाची तिथि व वार जुळतात कीं नाहीं, मोडीचें वळण कोणत्या काळचें, शिक्का अस्सल कीं काय, हें एकेक पाहावयाचें ठरलें आहे.