उपचाराच्या बिलावर किंवा उपचारकर्जावर जादा शुल्क लावले असेल तर काय करावे? (जयपूर, राजस्थान)

थोडक्यात: योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी रुग्णालयाने पैसे मागितले, किंवा बिल फेडण्यासाठी घेतलेल्या कर्जावर न सांगितलेले शुल्क लावले, तर ते मुकाट्याने भरण्याची गरज नाही. आधी तपशीलवार हिशेब लेखी मागा. मग जी रक्कम मान्य नाही तेवढ्यावरच लेखी आक्षेप घ्या. बाकीची रक्कम वेळेवर भरत राहा. या पानावर ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने दिली आहे.

हे पान कोणासाठी आहे?

कामधंद्यानिमित्त जयपूरमध्ये राहणाऱ्या आणि आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्या मराठी भाषक कुटुंबांसाठी. जनआधार कार्ड असलेली राजस्थानातील रहिवासी कुटुंबे आणि महाराष्ट्रातून आयुष्मान कार्ड घेऊन आलेली कुटुंबे, दोघांनाही यातील बहुतेक माहिती उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट ठरवा: पैसे कोण मागत आहे?

फोनवर फक्त "दवाखान्याची थकबाकी भरा" असे सांगितले जाते. पण तक्रार कुठे करायची हे मागणारा कोण आहे यावर ठरते.

१. रुग्णालय स्वतः मागत असेल, तर प्रश्न योजनेचा किंवा बिलाचा आहे. तक्रार आरोग्य यंत्रणेकडे करावी.
२. बँक किंवा वित्त कंपनी मागत असेल, तर तुम्ही बिलासाठी कर्ज घेतलेले आहे. डिस्चार्जच्या वेळी "हप्ते करून देतो" असे सांगून मोबाइलवर ओटीपी घेतला असेल, तर तेही कर्जच असते. येथे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात.
३. वसुली एजंट मागत असेल, तर तो कोणाच्या वतीने बोलतो ते आधी विचारा. रुग्णालयाचे किंवा कंपनीचे नाव, कर्ज खाते क्रमांक आणि अधिकारपत्र दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाग १: योजनेतील उपचारावर रुग्णालयाने पैसे घेतले असतील तर

राजस्थानात १ मे २०२१ पासून मुख्यमंत्री चिरंजीवी स्वास्थ्य बीमा योजना सुरू झाली. तीच आता मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना (मा योजना) या नावाने चालते. पात्र कुटुंबाला वर्षाला २५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. अन्नसुरक्षा यादीतील कुटुंबे, लघु व सीमांत शेतकरी, कंत्राटी कर्मचारी अशा गटांचा हप्ता सरकार भरते. मोफत गटात न बसणाऱ्या कुटुंबांना वर्षाला ८५० रुपये भरून सहभागी होता येते.

पॅकेजमध्ये काय धरलेले असते: खाट, शुश्रूषा, डॉक्टर व भूल यांचे शुल्क, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणे. दाखल होण्यापूर्वीचे ५ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस यांतील संबंधित खर्चही धरलेला असतो. त्यामुळे "ऑपरेशन योजनेत आहे, पण औषधे तुम्ही आणा" किंवा "भूलतज्ज्ञाचे वेगळे द्या" असे सांगितले गेले, तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे.

पैसे मागणे योग्य ठरू शकते असे प्रसंग: रुग्णालय योजनेशी संलग्न नाही; आजार पॅकेजच्या यादीत नाही; दाखल न होता खासगी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवले; कुटुंबाची पॉलिसी संपली होती; किंवा तुम्ही स्वतः लेखी मागणी करून वरच्या दर्जाची खोली घेतली. यांपैकी काही लागू असेल तर तक्रारीत वेळ घालवण्यापूर्वी नीट चौकशी करा.

सवाई मानसिंह रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांत राजस्थानातील रहिवाशांसाठी २०२२ पासून बाह्यरुग्ण व आंतररुग्ण सेवा मोफत आहेत. मोफत औषध योजना २ ऑक्टोबर २०११ पासून चालू आहे. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून जनआधार सोबत ठेवा.

महाराष्ट्राचे आयुष्मान कार्ड असेल तर: प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत राज्याबाहेरील संलग्न रुग्णालयात उपचाराची सोय आहे. कार्ड दाखल होतानाच दाखवा आणि तुमचा उपचार त्यात बसतो का, हे १४५५५ या क्रमांकावर आधी विचारून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड दाखवल्यास फार उशीर झालेला असतो.

तक्रारीपूर्वी जमवायची कागदपत्रे:

• डिस्चार्ज कार्ड
• प्रत्येक बाबीची वेगळी रक्कम दाखवणारे तपशीलवार बिल
• भरलेल्या पैशांच्या पावत्या, यूपीआय व्यवहाराचे स्क्रीनशॉट
• बाहेरून आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिले
• जनआधार किंवा आयुष्मान कार्डाची प्रत
• योजनेत नोंद झाल्याचा व्यवहार क्रमांक (रुग्णालयात याला टीआयडी म्हणतात)

टीआयडी नक्की विचारा. तो तयार झाला असेल, तर रुग्णालयाने तुमचा उपचार योजनेत नोंदवला आहे. त्याच उपचाराचे पैसे तुमच्याकडूनही घेतले असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे.

पावती देत नसतील तर? रोख रक्कम दिली त्या दिवसाची तारीख, वेळ, खिडकी आणि सोबत कोण होते हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. बँकेतून पैसे काढले असतील तर पासबुकातील नोंद जोडा.

तक्रारीचे टप्पे:

पहिला टप्पा: रुग्णालयातील योजना कक्षात स्वास्थ्य मार्गदर्शकाला भेटा आणि लेखी अर्ज द्या. प्रतीवर तारीख व शिक्का घ्या.
दुसरा टप्पा: राजस्थान संपर्कच्या १८१ क्रमांकावर तक्रार नोंदवा. आयुष्मान कार्डासाठी १४५५५. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तो नसेल तर पुढे पाठपुरावा करता येत नाही.
तिसरा टप्पा: मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कागदपत्रांसह अर्ज द्या.

तक्रार खरी ठरल्यास घेतलेले पैसे परत करण्याची आणि रुग्णालयावर दंडाची तरतूद आहे. वारंवार असे घडल्यास रुग्णालय योजनेतून काढलेही जाऊ शकते.

बिल भरले नाही म्हणून डिस्चार्ज अडवला तर

थकबाकी वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाला खुले आहेत. रुग्णाला अडवून ठेवणे किंवा मृतदेह ताब्यात न देणे हा त्यांपैकी मार्ग नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. रुग्णाला कोंडून ठेवणे बेकायदेशीर असल्याचे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये म्हटले होते. अशा वेळी शांतपणे "डिस्चार्ज का देत नाही ते लेखी द्या" असे म्हणा. तरीही सोडत नसतील तर पोलिसांच्या ११२ क्रमांकावर फोन करा. घाईत कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा "संपूर्ण रक्कम मान्य" अशा मजकुराखाली सही करू नका. दागिना गहाण टाकण्याआधी हा एक फोन करून पाहा.

भाग २: बिलासाठी घेतलेल्या कर्जावर जादा शुल्क लावले असेल तर

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासाठी कर्जदाराला 'मुख्य तथ्य विवरण' देणे बँका व वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात व्याज आणि सर्व शुल्के मिळून वर्षाला पडणारा एकूण दर लिहिलेला असतो. या विवरणात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत केव्हाही लावता येत नाही. हे विवरण तुमच्या ईमेलवर, ॲपमध्ये किंवा करारासोबत असते. सापडत नसेल तर कंपनीकडे मागा.

आणखी तीन नियम लक्षात ठेवा:

• हप्ता चुकल्यास दंड लावता येतो, पण तो व्याजदरात मिळवता येत नाही आणि मुद्दलात टाकून त्यावर व्याज घेता येत नाही.
• या दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तसे अधिकृत स्पष्टीकरण झाले आहे.
• कर्जासोबत विमा जोडला असेल तर त्याचा हप्ताही विवरणात दिसला पाहिजे.

उदाहरण (आकडे फक्त समजावण्यासाठी): हप्ता ५,००० रुपयांचा आहे आणि एक हप्ता चुकला. कंपनी ७,९५० रुपये मागते. हिशेब मागितल्यावर तो असा मिळतो: हप्ता ५,०००, खात्यातून पैसे न वळल्याचे ५००, विलंब दंड ४५०, दंडावर जीएसटी ८१, घरभेट शुल्क १,०००, विमा ९१९. मुख्य तथ्य विवरणात फक्त ५०० आणि ४५० ही दोनच शुल्के आहेत. म्हणजे ५,९५० रुपये देणे आहे आणि २,००० रुपयांवर आक्षेप घेता येतो. ५,९५० भरा, पावती घ्या आणि २,००० बाबत पत्र द्या.

सगळाच हप्ता थांबवू नका. वाद छोट्या रकमेचा असला तरी हप्ता थकल्याची नोंद पतअहवालात होते. बँकेला दिलेला स्वयंचलित आदेश किंवा धनादेश पैशांअभावी परत गेल्यास फौजदारी खटलाही होऊ शकतो.

वसुली एजंटाने काय करू नये: सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करणे, शिवीगाळ, धमकी, शेजारी व नातेवाइकांसमोर बदनामी. हे सर्व रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. फोनची वेळ व क्रमांक नोंदवा, संदेश पुसू नका. एजंटाच्या वागणुकीची जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीचीच असते, म्हणून तक्रार कंपनीच्या नावाने करा. धमकी मिळाली तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्या.

आक्षेप पत्राचा नमुना

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (रुग्णालय / कंपनीचे नाव).
विषय: बिल / कर्ज खाते क्रमांक ____ वरील शुल्काबाबत आक्षेप.
महोदय, आपण दिनांक ____ रोजी माझ्याकडे ____ रुपयांची मागणी केली आहे. त्यापैकी ____ रुपये (शुल्काचे नाव) मला मान्य नाहीत, कारण ____ (उदा. हा उपचार योजनेच्या पॅकेजमध्ये आहे / हे शुल्क मुख्य तथ्य विवरणात नाही). वाद नसलेली ____ रुपयांची रक्कम मी दिनांक ____ रोजी भरली आहे. कृपया प्रत्येक शुल्काचा आधार लेखी कळवावा, चुकीचे शुल्क रद्द करावे आणि निर्णय होईपर्यंत या रकमेची वसुली थांबवावी. सोबत कागदपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत."

मूळ कागद देऊ नका, प्रतीच द्या. पत्र ईमेलने किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवा. जयपूरमधील सरकारी कार्यालयांचे कामकाज हिंदीत चालते, त्यामुळे तेथे देण्याची प्रत हिंदीत लिहून घ्या. तेथे हे शब्द भेटतील: शिकायत किंवा परिवाद (तक्रार), बकाया (थकबाकी), रसीद (पावती), जाँच (तपासणी). 'परिवाद' या शब्दाने दचकू नका. हिंदीत तो साध्या तक्रारीसाठी वापरतात. दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतल्यास सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्या.

उत्तर मिळाले नाही तर पुढे कुठे जावे?

रिझर्व्ह बँकेचे लोकपाल: कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर येथे विनाशुल्क तक्रार करता येते. उत्तर आल्यावर उशीर करू नका. माहितीसाठी १४४४८. टपालाने पाठवायची असल्यास पत्ता: केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५. येथे मराठीतही बोलता येते.

जिल्हा ग्राहक आयोग: घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. तुम्ही जेथे राहता तेथील आयोगात तक्रार करता येते. कंपनी दुसऱ्या शहरातील असली तरी जयपूरमध्ये चालते.

स्थायी लोक अदालत: रुग्णालयाची सेवा आणि विमा यांच्या वादांसाठी. न्यायालयीन शुल्क नाही. मात्र प्रकरण आधी न्यायालयात नेलेले नसावे.

मोफत वकील: १५१००. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे आधीच भरून टाकले आहेत. आता तक्रार करता येईल का?
होय. पैसे भरणे म्हणजे मागणी मान्य करणे नव्हे. पावती जोडून परतावा मागा.

कर्ज न फेडल्यास तुरुंगात जावे लागते का?
पैसे नसल्यामुळे कर्ज थकणे हा दिवाणी विषय आहे. "आज संध्याकाळी अटक होईल" असे फोनवर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. धनादेश किंवा स्वयंचलित आदेश परत गेल्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याबाबत कायदेशीर नोटीस आली तर ती बाजूला न ठेवता लगेच १५१०० वर सल्ला घ्या.

चार-पाच वर्षांपूर्वीच्या बिलाची मागणी आता आली आहे. काय करावे?
पैशांच्या वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षे असते. मात्र मुदत संपण्याआधी तुम्ही देणे लेखी मान्य केले असेल किंवा त्यातील काही रक्कम भरली असेल, तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. म्हणून जुन्या मागणीवर काहीही लिहून देण्यापूर्वी किंवा पैसे भरण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या.

पतअहवालात चुकीची थकबाकी दिसते.
पतमाहिती कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. पूर्ण पतअहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो.

ज्या ॲपवरून कर्ज दिले त्याच्या मागे कोणती कंपनी आहे हेच कळत नाही.
पैसे पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार करा. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

या क्रमांकांवर मदत मागण्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. तक्रार लवकर निकालात काढून देतो असे सांगून कोणी ओटीपी किंवा रक्कम मागितली, तर देऊ नका.