जॉन हाउलंडचे कुळ : एका वंशवृत्ताची शोधकथा

वंशवृत्त हे इतिहासाचे सर्वांत जिव्हाळ्याचे आणि म्हणूनच सर्वांत निसरडे साधन होय. पूर्वजांविषयी माणसाला जे ऐकावेसे वाटते, ते दोन-तीन पिढ्यांत घराण्याची आठवण बनते आणि पुढे पुरावा म्हणून सांगितले जाऊ लागते. अमेरिकेतील हाउलंड घराण्याच्या मूळपुरुषाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

जॉन हाउलंड हा इंग्लंडमधील हंटिंग्डनशायर परगण्यातल्या फेन्स्टँटन गावच्या कुटुंबातला. सप्टेंबर १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ हे जहाज १०२ उतारू घेऊन अमेरिकेकडे निघाले, तेव्हा जॉन कार्व्हर या प्रतिष्ठित गृहस्थाचा सेवक म्हणून तो त्यावर होता. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला, म्हणून वाचला. नोव्हेंबरमध्ये जहाजावरील ४१ पुरुषांनी स्वशासनाच्या करारावर सह्या केल्या, त्यांत या सेवकाचेही नाव आहे. पहिल्याच हिवाळ्यात उतारूंपैकी जवळजवळ निम्मे मरण पावले. वसाहतीचा पहिला राज्यपाल झालेला कार्व्हर १६२१ च्या वसंतात वारला आणि काही आठवड्यांतच त्याची पत्नीही गेली. जॉन टिली, त्याची पत्नी, भाऊ आणि भावजय यांचाही त्या आपत्तीत अंत झाला. मागे उरली ती टिलीची तेरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ. पुढे तिचा हाउलंडशी विवाह झाला. १६२७ मध्ये वसाहतीतील गुरांची वाटणी झाली, तेव्हाच्या यादीत हे दांपत्य डिझायर आणि जॉन या दोन मुलांसह आढळते.

परंतु घराण्याची आठवण निराळेच सांगत होती. हाउलंडची पत्नी ही राज्यपाल कार्व्हरची कन्या, असे वंशज पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. सेवकाने धन्याच्या मुलीशी विवाह करावा आणि त्याच्या पुण्याईचा वारस व्हावा, ही कल्पना मनाला सुखावणारी खरीच. एकोणिसाव्या शतकात प्लिमथच्या दफनटेकडीवर स्मृतिशिला उभारली गेली, तिच्यावरही हीच समजूत कोरली गेली. दगडावर कोरलेल्या अक्षराला जी प्रतिष्ठा लाभते, ती या चुकीलाही लाभली.

तिचे निराकरण केले ते एका हरवलेल्या हस्तलिखिताने. वसाहतीचा दीर्घकाळ राज्यपाल असलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने तिचा इतिहास स्वहस्ते लिहून ठेवला होता. बॉस्टनच्या एका चर्चमधील ग्रंथसंग्रहात असलेले हे बाड अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले. १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात त्याचा पत्ता लागला. १८५६ मध्ये ते छापले गेले आणि १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. त्याच्या अखेरीस ब्रॅडफर्डने जहाजावरील कुटुंबांची यादी आणि तीस वर्षांनंतरची त्यांची स्थिती नोंदविली आहे. हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी लग्न केले, दोघेही हयात आहेत आणि त्यांना दहा मुले आहेत, असे तीत स्वच्छ लिहिलेले होते. पुढे टेकडीवरच्या त्या शिळेची जागा टिलीचे नाव असलेल्या शिळेने घेतली.

तरीही एक चूक शिल्लक होती. हॉलंडमधील लायडन शहराच्या दप्तरात टिलीसारख्या नावाच्या एका गृहस्थाचा डच स्त्रीशी झालेला विवाह नोंदलेला आहे. नामसाम्यावरून ती स्त्री एलिझाबेथची आई ठरविण्यात आली. विसाव्या शतकात संशोधकांनी बेडफर्डशायरमधील हेन्लो गावच्या चर्चची नोंदवही तपासली. तेथे जॉन टिली आणि जोन यांचा १५९६ मधला विवाह सापडला आणि ३० ऑगस्ट १६०७ रोजी झालेला त्यांच्या एलिझाबेथचा बाप्तिस्माही. डिसेंबर १६८६ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात वृद्ध एलिझाबेथ हाउलंडने आपले वय ७९ वर्षे असल्याचे सांगितले आहे. महासागराच्या दोन तीरांवर, एकोणऐंशी वर्षांच्या अंतराने लिहिलेले हे दोन कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात. बखर आणि अस्सल कागद यांतील अंतर वि. का. राजवाडे यांच्यामुळे ओळखणाऱ्या मराठी वाचकाला या जुळणीचे मोल वेगळे सांगावयास नको.

हाउलंड १६७३ मध्ये ऐंशीहून अधिक वर्षांचा होऊन निवर्तला. त्याच्या वंशविस्तारात फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोघे जॉर्ज बुश असे तीन राष्ट्राध्यक्ष झाले. वादळात हाती आलेल्या एका दोराला पुढची किती आयुष्ये लटकलेली होती, याचा विचार मनाला चकित करतो.

पण वंशवृत्त जेवढे सांगते, त्याहून अधिक ते गाळते. ज्या जागी प्लिमथ वसले, तेथे पूर्वी वाम्पानोअग लोकांचे पटक्सेट हे गाव होते. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान आलेल्या साथीने ते ओसाड झाले. एलिझाबेथ ज्या स्वान्सी गावी १६८७ मध्ये मरण पावली, तेथेच १६७५ मध्ये वाम्पानोअगांचा नायक मेटाकॉम याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धाचा भडका उडाला होता. मृत्युपत्रात नाव असलेला तिचा मुलगा जाबेझ त्या युद्धात लढला आणि नंतर मेटाकॉमच्या हिरावून घेतलेल्या भूमीवर वसलेल्या ब्रिस्टल गावी जाऊन राहिला. पटक्सेटमध्ये मेलेल्या मुलींच्या जन्माची नोंद ठेवणारे चर्च नव्हते. त्यांच्यामागे मृत्युपत्रे नाहीत, आणि त्यांचे कुळ शोधू पाहणाऱ्याला जुळवून पाहण्यास दोन कागदही मिळत नाहीत.

म्हणून पूर्वजाचा शोध हा केवळ अभिमानाचा विषय नव्हे. हाउलंडच्या वंशजांनी राज्यपालाची कन्या गमावली आणि त्या बदल्यात एक अनाथ मुलगी मिळविली. हा सौदा तोट्याचा नाही. परंतु जो कागदाला शरण जातो, त्याने कागदाच्या कडेला असलेल्या कोऱ्या जागेकडेही पाहिले पाहिजे. तीही इतिहासाचाच भाग असते.