विहीर खासगी, मग पाणी तपासणार कोण?

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या या शहरातील हुडकोसारख्या वसाहतींत नळाचे पाणी कमी पडले की आवारातील बोअर कामी येते. पाणी गार, नितळ आणि चवीला गोड असेल, तर ते तपासून घ्यावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मात्र आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि रोगजंतू यांपैकी कशाचीही पिण्याच्या पाण्यात डोळ्यांना वा जिभेला सहसा चाहूल लागत नाही.

भिलाईच्या नैर्ऋत्येस साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या अंबागड चौकी परिसराने याची मोठी किंमत मोजली आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील संशोधकांचा तेथील पाहणीचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशच्या राजनांदगाव जिल्ह्यात होता. आज तो मोहला-मानपूर-अंबागड चौकी या जिल्ह्यात येतो. २२ गावांतील १४६ नमुन्यांची तपासणी झाली. आठ गावांत आर्सेनिक लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळले, चार गावांत ५० पेक्षा जास्त, आणि सर्वाधिक नोंद होती ८८० मायक्रोग्रॅमची. कौडीकसा गावातील अनेकांच्या त्वचेवर आर्सेनिकच्या विषबाधेची लक्षणे दिसत होती.

हा दोष कोणत्याही कारखान्याचा नव्हता. तेथील खडकातच आर्सेनिक आहे आणि तेच पाण्यात उतरते. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिक हा मुख्यतः नलिकाकूपांचा प्रश्न असल्याने उघडी विहीर तुलनेने सुरक्षित मानली जाते. कौडीकशात मात्र उघड्या विहिरीच्या पाण्यातही आर्सेनिक सापडले. एका प्रदेशाचा ठोकताळा दुसऱ्या प्रदेशाला लावता येत नाही, तो असा.

यावरून भिलाईच्या पाण्यातही आर्सेनिक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. येथील भूगर्भ वेगळा आहे. परिसरात चुनखडीचे थर आहेत. जवळच्या नंदिनी खाणीतील चुनखडी पोलाद कारखान्यात वापरली जाते. चुनखडीमुळे पाणी जड होते, भांड्यांवर पांढरे पुट चढते. त्याचा त्रास होतो, पण ते विष नव्हे. खरा धोका चुनखडीतील भेगांचा आहे. मातीतून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे भेगांतून वाहताना गाळले जात नाही, आणि सांडपाणी कमी वेळात विहिरीपर्यंत पोहोचू शकते. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १८ मीटर अंतर असावे, असे भारतीय मानक सांगते. वसाहतींतील छोट्या भूखंडांवर हे अंतर स्वतःच्या कुंपणात बसवणेही कठीण; शेजाऱ्याचा शोषखड्डा कुठे आहे, हे तर अनेकदा ठाऊकही नसते.

कायद्याची स्थितीही विहीरमालकाला एकटे पाडणारी आहे. १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाकडे आहे. सार्वजनिक हातपंपाचे पाणी सरकारी यंत्रणा तपासते आणि ते पिण्यास अयोग्य ठरल्यास हातपंपाला लाल रंग देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. खासगी बोअरवर असा रंग कुणी देत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १०५००’ हे मानक लागू आहे. त्यानुसार आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम, तर फ्लोराइडची १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. महाराष्ट्रात नायट्रेटचा प्रश्न अधिक गंभीर आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार राज्यातील ३५.७४ टक्के नमुन्यांत ते मर्यादेबाहेर होते. खते, शेण आणि मैला ही त्याची प्रमुख कारणे. बाटलीने दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वाधिक धोका असतो, कारण नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

तपासणीची सोय जिल्हा पातळीवर आहे. छत्तीसगडमध्ये लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या, म्हणजे बोलीतल्या ‘पीएचई’च्या, प्रयोगशाळा हे काम करतात, तर महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या. जल जीवन मिशनखाली अशा प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठी नाममात्र शुल्कात खुल्या करण्यात आल्या आहेत.

नमुना चुकीचा घेतला, तर अहवालही फसवा येतो. बोअर आधी पाच-दहा मिनिटे चालू ठेवावी, म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जाते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली लागते. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवायची. आर्सेनिकची तपासणी नेहमीच्या चाचण्यांत असेलच असे नाही. ती स्वतंत्रपणे मागावी लागते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तपासणी करणे उत्तम. विहिरीत पुराचे पाणी शिरल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

अहवाल हाती आल्यावर घरोघरी पहिला उपाय सुचतो तो पाणी उकळण्याचा. जंतूंसाठी तो अगदी योग्य आहे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचा उपयोगही त्यासाठीच. आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट मात्र उकळून जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. अशा वेळी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत शोधावा, किंवा त्या विशिष्ट घटकासाठीचे शुद्धीकरण यंत्र बसवून त्यातून निघालेले पाणी पुन्हा तपासून घ्यावे. शेजारच्या घराचा अहवाल निर्दोष असला, तरी तो आपल्या बोअरला लागू होत नाही. काही मीटरच्या अंतरावर आणि वेगळ्या खोलीवर खडक बदलतो, तसे पाणीही बदलते.