उंबरठ्यावरचं दुसरं माप

नवी सून घरात येते ती माप ओलांडून. उंबरठ्यावरचं धान्याचं माप लवंडतं आणि तिचा त्या घराशी हिशेब सुरू होतो. बिऱ्हाड बदलून नव्या जागेत जाणाऱ्यांचीही असंच एक माप वाट पाहत असतं. ते जिन्याखालच्या फळीवर, धूळ खात टांगलेलं असतं. ते म्हणजे विजेचं मीटर. नव्या घरात कुठं दूध उतू घालतात, कुठं कुराणखानी होते. पण त्या मीटरवरचे आकडे लिहून घ्यायचं फार थोड्यांच्या ध्यानात राहतं. वास्तविक त्या चार-पाच आकड्यांमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा एक झगडा आहे. मोजणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हा तो झगडा.

तेल, ज्वारी, कापड आपण डोळ्यांदेखत मोजून घेतो. वीज दिसत नाही. मग ती मोजायची कशी? सुरुवातीला दिव्यामागे ठरावीक रक्कम घेत. दिवा तासभर जळो की रात्रभर, पैसे तेवढेच. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हा त्यानं एक अजब मीटर वापरात आणलं. काचेच्या बरणीत जस्ताच्या क्षाराचं पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरातल्या विजेचा एक छोटा हिस्सा त्यातून जाई आणि एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसे. कंपनीचा माणूस ठरल्या वेळी येऊन पट्ट्या घेऊन जाई, त्यांचं वजन होई आणि त्यावरून बिल निघे. थंडीत बरणीतलं पाणी गोठू नये म्हणून आत एक दिवा ठेवलेला असे. गझलेत ओळीचं वजन पाहतात, तसं एडिसन विजेचं वजन करत होता म्हणा ना!

युक्ती नामी होती, पण ग्राहकाच्या हाती काहीच नव्हतं. तराजू कंपनीचा, तोलणारा कंपनीचा आणि आकडाही कंपनीचाच. घरमालकानं बरणीकडे कितीही टक लावून पाहिलं, तरी आपण किती वीज जाळली हे त्याला कळत नसे.

ते कळू लागलं फिरत्या चकतीमुळे. १८८९ साली बुडापेस्टच्या गँझ कारखान्यातल्या ओटो ब्लाथी यानं प्रत्यावर्ती विजेसाठी असं मीटर तयार केलं. दोन वेटोळ्यांच्या चुंबकी ओढीनं धातूची चकती फिरते, दुसरा एक चुंबक तिला लगाम घालतो. वीज जास्त, तर चकतीचा वेग जास्त. तिचे फेरे दातेरी चक्रं मोजतात आणि आकडा पुढं सरकतो. आपल्याकडे कित्येक दशकं घराघरांत फिरत राहिलेली ती चकती याच कुळातली. आपण ‘युनिट’ म्हणतो तो शब्दही त्याच काळातला. ब्रिटनच्या व्यापारखात्याच्या नावानं ओळखलं जाणारं ते माप म्हणजे एक हजार वॅट एक तास.

जुन्या मीटरांवर घड्याळासारख्या तबकड्या असत. शेजारशेजारचे काटे उलटसुलट दिशांनी फिरत; काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा धरायचा. हे वाचायला शिकावं लागे, पण शिकता येई. मोजणी पहिल्यांदाच ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आली होती.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळलं ते १८८२ साली, मात्र ती कंपनी फार टिकली नाही. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत पोचली. वीज पसरली, तसे तंटेही वाढणारच होते. १९१० च्या वीज कायद्यानं त्यांच्यासाठी वाट आखून दिली. मोजणी अचूक मीटरनंच व्हावी. वाद झाला तर निवाडा विद्युत निरीक्षकानं करावा. आणि लबाडी नसेल तर मीटरवरची नोंद हाच पुरावा मानावा. म्हणजे कंपनीचा शब्द नव्हे, ग्राहकाचाही नव्हे; साक्ष मीटरची. पुढं २००३ च्या कायद्याच्या कलम ५५ नं अचूक मीटरविना वीज देऊ नये, असंही सांगितलं.

पण साक्षीदार विचारल्याशिवाय बोलत नाही. मीटर युनिटं मोजतं. ती कुणी जाळली हे त्याला ठाऊक नसतं. आधीचं कुटुंब गेलं, नवं आलं, चकती फिरतच राहते. दोन संसारांमधली रेघ माणसालाच ओढावी लागते, आणि ती न ओढल्यास भुर्दंड बसतो तो बहुधा नव्या माणसाला. महाराष्ट्रात २००५ च्या वीजपुरवठा संहितेनं जुनी थकबाकी जागेवरचा बोजा ठरवली. वारस नसलेल्या नव्या मालकावर मात्र ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची, अशी मर्यादा घातली. नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्याकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये केरळच्या प्रकरणांत स्पष्ट केलं. हातावर पोट असणाऱ्याला परक्याचं सहा महिन्यांचं बिल म्हणजे केवढं ओझं!

यावर कायद्यातच उतारा आहे. डिसेंबर २०२० च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनुसार जागा सोडताना किंवा बदलताना मीटरची खास नोंद मागता येते, त्यावरून अंतिम बिल निघतं, आणि ते निघाल्यावर त्याआधीच्या काळाची जादा वसुली करता येत नाही. तेव्हा जागा ताब्यात घेण्यापूर्वी जुन्या रहिवाशाला ही नोंद आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागावा.

किल्ली हातात येईल त्या दिवशी दोघांनी मिळून जिन्याखाली जावं. बिलावरचा मीटर क्रमांक ताडून पाहावा. एका फळीवर वीस मीटरं असली की शेजाऱ्याचं मीटर आपलं वाटायला वेळ लागत नाही. नव्या मीटरच्या पडद्यावर तारीख, दाब, भार असे आकडे एकामागून एक येतात. त्यांतला युनिटांचाच टिपावा. खाली तारीख घालावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. फोटो काढला तर आणखी बरं. एडिसनच्या ग्राहकाला हे करता येत नव्हतं. आपल्याला येतं, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)