सिस्टिक फायब्रोसिस: स्यूडोमोनास पहिल्यांदा सापडल्यावर गोळ्या की शिरेतून औषध?
सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फुप्फुसातील कफ घट्ट, चिकट असतो आणि त्यात जंतू टिकून राहतात. त्यांतला स्यूडोमोनास फार चिवट. कफाच्या कल्चरमध्ये तो पहिल्यांदा दिसला, की खोकला वाढलेला नसला तरी उपचार सुरू करतात. एकदा त्याने बस्तान बसवले, की समूळ काढणे अवघड होते.

मग पालकांचा प्रश्न असतो, दाखल व्हावे लागेल का? ब्रिटन व इटलीतील टॉरपीडो-सीएफ चाचणीत (2020) 286 रुग्णांवर हीच तुलना झाली. एका गटाला 14 दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम व टोब्रामायसिन, दुसऱ्याला 12 आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन तोंडावाटे. दोघांनाही वाफेतून कोलिस्टिन. 15 महिन्यांपर्यंत जंतूमुक्त राहिले अनुक्रमे 44 व 52 टक्के. म्हणजे शिरेतून दिलेले औषध सरस ठरले नाही. पुढच्या वर्षभरात त्या गटातील कमी जणांना दाखल व्हावे लागले, हेही खरे. तरी केवळ त्यासाठी सुरुवातीलाच दोन आठवडे रुग्णालयात काढावेत, असे मला वाटत नाही.

बऱ्याच ठिकाणी 28 दिवस फक्त वाफेतून टोब्रामायसिन देतात, तोही मान्य पर्याय आहे.

सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना उन्हापासून जपा. टाचेमागची शीर दुखू लागली तर डॉक्टरांना लगेच कळवा. शिरेतून टोब्रामायसिन देताना रक्तातील त्याची पातळी व मूत्रपिंडाचे काम तपासावे लागते. कानात आवाज येऊ लागला तर सांगा.

ताप, धाप किंवा वजनात घट असेल तर ही तुलना लागू नाही. तेव्हा बहुधा शिरेतूनच औषध द्यावे लागते.