पॅफस ससाणा पतंग : वर्गीकरणाचा इतिहास

लेपिडॉप्टेरा गणाच्या स्फिंजिडी कुलातील एका अमेरिकी पतंगाची ही दक्षिण अमेरिकेत आढळणारी उपजाती होय. शास्त्रीय नाव मँड्युका सेक्स्टा पॅफस. मूळ जातीचा प्रसार उत्तर अमेरिकेपासून अर्जेंटिनापर्यंत आहे. पतंगाचा पंखविस्तार सु. १० सेंमी. असून पंख करड्या-तपकिरी रंगाचे असतात. उदराच्या दोन्ही बाजूंस पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या सामान्यतः सहा जोड्या असतात. अळी हिरवी व जाडजूड असून तिच्या कुशीवर सात तिरकस पांढरे पट्टे आणि मागील टोकावर तांबूस शिंग असते. तंबाखू, टोमॅटो व धोतरा यांची पाने ती अधाशीपणे खाते. तंबाखूतील निकोटिनाने इतर बहुतेक कीटक मरतात. ही अळी मात्र ते शरीराबाहेर टाकू शकते. भारतात तिळाच्या पिकावर येणारी शिंगवाली अळी याच कुलातील असली, तरी तिची प्रजाती वेगळी आहे.

या पतंगाच्या नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि त्याची सुरुवातच वादाने होते. १७६३ मध्ये अप्साला येथे बोआस योहान्सन या विद्यार्थ्याने दुर्मिळ कीटकांविषयीच्या प्रबंधाचे समर्थन केले. ‘सेक्स्टा’ हे नाव त्यात प्रथम आले. तत्कालीन स्वीडिश प्रथेप्रमाणे असे प्रबंध पुष्कळदा प्राध्यापकच लिहीत व विद्यार्थी त्यांचे जाहीर समर्थन करी. येथे प्राध्यापक होते कार्ल लिनीअस. त्यामुळे नावाचे जनकत्व कोणाचे, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक शोधनिबंधांत योहान्सन यांचेच नाव दिलेले आढळते. आता श्रेय लिनीअस यांना दिले जाते. पुढच्याच वर्षी, १७६४ मध्ये, लिनीअस यांच्या दुसऱ्या ग्रंथात याच पतंगाला ‘कॅरोलिना’ असे नाव मिळाले. ते नंतर समानार्थी ठरले, तरी एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत ते चांगलेच रूढ होते.

‘पॅफस’ हे नाव १७७९ मधील आहे. ॲम्स्टरडॅम येथील कापड-व्यापारी व संग्राहक पीटर क्रामर यांनी आशिया, आफ्रिका व अमेरिका या खंडांतील फुलपाखरे व पतंग यांवर सचित्र ग्रंथ काढावयास घेतला होता. त्यासाठी त्यांना सुरिनामसारख्या डच वसाहतींतून नमुने मिळत. क्रामर १७७६ मध्येच मरण पावले. ग्रंथाचे प्रकाशन कास्पार स्टोल यांच्या देखरेखीखाली पुरे झाले. त्या काळी वर्णन हे मुख्यतः रंगीत चित्रावर आधारलेले असे. उपजाती ही कल्पना अद्याप रूढ झालेली नव्हती. पॅफस ही स्वतंत्र जाती म्हणूनच मांडली गेली होती.

ही स्थिती १९०३ मध्ये पालटली. ट्रिंग येथील वॉल्टर रॉथ्सचाइल्ड व कार्ल जॉर्डन यांनी स्फिंजिडी कुलाची मोठी पुनर्रचना प्रसिद्ध केली. केवळ रंगावर न विसंबता त्यांनी जननेंद्रियांच्या रचनेचा सूक्ष्म अभ्यास केला, आणि प्रदेशपरत्वे भिन्न पण एकाच जातीतील प्रकारांस तीन शब्दांची नावे दिली. पॅफस हा याच पद्धतीने सेक्स्टाचा भौगोलिक प्रकार ठरला. गालापागोस बेटांवरील ‘ल्युकॉप्टेरा’ ही उपजाती याच ग्रंथात प्रथम नोंदली गेली. जमैकेचा ‘जमैकेन्सिस’ (१८७५) व चिलीचा ‘सेस्ट्री’ (१८५४) हीही जुनी नावे उपजातींच्या पातळीवर आली. पुढे १९६४ मध्ये केर्नबाख यांनी अर्जेंटिनातील ‘सॅलिएन्सिस’ची भर घातली. बेटावरील उपजातीस समुद्राची सीमा असते. पॅफससारख्या खंडावरील उपजातीची सीमा कोठे आखावी, हे मात्र बऱ्याच अंशी अभ्यासकाच्या निर्णयावर अवलंबून राहते. पतंग जोरदार उडणारा असल्याने तर हे अधिकच अवघड होते.

प्रजातीचे नावही स्थिर राहिले नाही. रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांनी प्रोटोपार्से (बुर्माइस्टर, १८५६) हे नाव स्वीकारले होते. मँड्युका हे ह्यूबनर यांचे नाव १८०७ मधील, म्हणजे त्याहून जुने. अग्रक्रमाच्या नियमानुसार ते पुढे आले आणि १९७१ मध्ये रोनल्ड हॉजेस यांनी उत्तर अमेरिकेतील स्फिंजिडींवरील ग्रंथात तेच वापरले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘खादाड’ असा असून तो या अळीला शोभतो.

याचे परिणाम केवळ ग्रंथालयापुरते राहिले नाहीत. हा पतंग कीटकशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रायोगिक प्राणी आहे. अळीचे आकारमान मोठे असल्याने तिच्या चेता व संप्रेरक संस्थांवर विपुल संशोधन झाले, आणि २०१६ मध्ये तिचा जीनोमही प्रसिद्ध झाला. तंबाखूवरील कीड म्हणून तिची माहिती शोधणाऱ्यास मात्र जुने साहित्य प्रोटोपार्से, कॅरोलिना व पॅफस अशा निरनिराळ्या नावांखाली पाहावे लागते. उपजातीच्या नावापुढे ‘(क्रामर, १७७९)’ असे कंसात लिहितात, कारण क्रामर यांनी तिला ज्या प्रजातीत ठेवले होते ती आता बदलली आहे.